समोरून की सीटवरून

"मॅडम, फिरण्याची दिशा तुम्ही घड्याळाच्या उलट सांगितलीत, पण ती समोरून की सीटवरून?" स्वरूपानं फोनवर विचारलं आणि चहाच्या मशीनचं बटण दाबायचं मी विसरूनच गेले. नोएडातलं आमचं ऑफिस, आठवा मजला, दुपारची चहाची गर्दी, आणि मी रिकामा कप मशीनखाली धरून उभी. स्वरूपा बंगळुरूच्या एका लहानशा कारखान्यात इंजिनियर आहे. हलक्या विमानांना लागणारे प्रोपेलर तिथं बनवून देतात. मी आणि नवरा सुटे भाग आणून स्वतः जोडत असलेल्या आमच्या विमानासोबत जो लाकडी प्रोपेलर आला होता तो बदलून आम्ही तिच्याकडून नवा, कार्बनचा करून घेत होतो. मी तिला पाहिलेलं नाही, पण ती कोल्हापूरची निघाल्यापासून आमचं सगळं मराठीतच चालतं. "म्हणजे काय गं?" मी विचारलं. "म्हणजे तुम्ही नाकापुढं उभ्या राहून बघितलंत की पायलटच्या जागी बसून? आम्ही नेहमी पायलटच्या जागेवरून धरतो. या इंजिनाला आजवर आम्ही उजवेच प्रोपेलर दिलेत. तुमचाच एकट्याचा डावा कसा, म्हणून म्हटलं विचारावं. संध्याकाळी साचा लावतोय. डावा करून दिला आणि हवा होता उजवा, तर दिवाणखान्यात टांगायलाच उपयोग त्याचा." ती हसली. मी नेहमी हसते, पण या वेळी हसले नाही. मागून ममता म्हणाली, "वैजयंती मॅम, चाय लेनी है तो लो ना यार, लाइन लगी है." मी बाजूला झाले. स्वरूपाला म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगते.

आता यात सांगायला संध्याकाळ कशाला हवी? समोरून डावीकडे फिरतो तर मागून उजवीकडे, हे पाचवीतलं पोर सांगेल. माझा तर धंदाच असल्या चुका धरण्याचा. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासतेय, आणि कुणी डावं-उजवं उलटं घातलं की त्याची अशी काही चंपी करते की पोरं माझ्या केबिनकडं यायला कचरतात. तरी उत्तर ओठांवर असून मला ते देववेना. खुर्चीत येऊन बसले आणि डोळे मिटून तो प्रोपेलर आठवायचा प्रयत्न केला, तर आठवला तो समोरूनच. वार्निश केलेला, तपकिरी, मध्ये सहा बोल्ट. चार वर्षं झाली त्या विमानाला. एकेक रिव्हेट माझ्या हातची. पंखांतून गेलेली एकेक तार मी ओढलेली. आणि त्याच्या सीटवरून पुढं बघितलं तर काय दिसतं, हे मला माहीत नव्हतं! आत काही बसवायचं असलं की मी बाहेर स्टुलावर उभी राहून, कडेवरून वाकून बसवत आले. पाळण्यातल्या पोराची लंगोटी बदलावी तसं. छातीत एकदम धडधडायला लागलं. भीती नव्हती ती. परीक्षेचा पेपर हातात यावा आणि पहिलाच प्रश्न आपल्याला येणारा असावा, तसं काहीतरी होतं. मी ममताला सांगितलं की माझी चार वाजताची मीटिंग तू घे, आणि गाडी काढली.

एक्स्प्रेसवेला लागलं की मला नेहमी बरं वाटतं. मार्च संपत आला होता. दुभाजकावरच्या सावरींनी लाल फुलं खाली टाकली होती आणि त्यांवरून गाड्या भरधाव जात होत्या. आमची शेड ग्रेटर नोएडाच्याही पलीकडं, यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यात आहे. एका जाट जमीनदाराचं बटाट्याचं जुनं गोदाम, आणि त्याच्यापुढं त्याच्या मुलानं हौसेनं सपाट करून घेतलेली मातीची धावपट्टी. पट्टी आखूड आहे आणि तिच्या टोकाला सफेद्याची, म्हणजे आपल्या निलगिरीची झाडं आहेत. ती झाडं हेच आमच्या सगळ्या भांडणाचं मूळ. लाकडी प्रोपेलर लावून बळवंतनं जमिनीवर विमान पळवून पाहिलं तर इंजिनाला दम लागायचा. चढावर सायकलचा जड गिअर पडावा तसं ते कण्हत राहायचं. म्हणून नवा प्रोपेलर, इथवर एकमत. पुढं दोन तट. रुंद पात्याचा घेतला तर विमान झपकन वर चढतं, पण मग आरामात रमतगमत जातं. अरुंद पात्याचा घेतला तर वेग मिळतो, पण वर चढायला पट्टी लांब लागते. मी चढाईच्या बाजूची, कारण झाडं मला दिसतात. बळवंत वेगाच्या बाजूचा. "वर जाऊन काय लोणचं घालायचंय?" तो म्हणतो. "विमान आहे ते, कुठंतरी पोचायला नको?"

बळवंत माझा नवरा. गाव कराडजवळचं, आयुष्य फौजेत. आर्मी एव्हिएशनमध्ये हेलिकॉप्टर उडवत तो कर्नल होऊन निवृत्त झाला, आणि तेव्हापासून आम्ही नोएडात अरुण विहारात, फौजींच्या वसाहतीत राहतो. लग्न झालं तेव्हा मी मेकॅनिकलची पदवी घेऊन त्याला अरे-तुरे करत घरात शिरले, ते त्याच्या आईला शेवटपर्यंत रुचलं नाही. विमान बांधायची कल्पना माझी. त्यानं आधी मला वेड्यात काढलं, मग सुट्या भागांची खोकी आली तेव्हा पहिलं खोकं त्यानंच फोडलं. काम मात्र मीच करायचं. त्याच्या हातून रिव्हेटा सांडतात, त्यामुळे त्याच्याकडं चहा, जनरेटर आणि सल्ला ही खाती दिली आहेत. प्रोपेलरला तो पंखा म्हणतो. हेलिकॉप्टरवाल्यांना आपला तेवढा रोटर, बाकीच्यांचे ते पंखे.

परी चौक मागं पडला आणि का कोण जाणे, मला निरांजन आठवलं. नाशिक, पठाणकोट, मग आसामात मिसामारी. जिथं जिथं आमची क्वार्टर होती तिथं तिथं बळवंत निघाला की मी त्याला ओवाळायची. पाट, दोन रेघांची रांगोळी, सुपारी, अंगठी, अक्षता. बाहेर जीपचं इंजिन चालू असायचं आणि ड्रायव्हर नजर वळवून उभा. मिसामारीला मयुरा पाच वर्षांची होती. ती हट्टानं बापाच्या मांडीवर पाटावर बसली आणि मी निरांजन फिरवायला लागले तशी ओरडली, "आई, तू उलटं फिरवतेस!" मी म्हटलं, बरोबर फिरवतेय, गप बस. "नाही, उलटं! घड्याळ असं जातं!" आणि तिनं माझ्यासमोर बोट फिरवून दाखवलं. ते मला उलटं दिसलं. बळवंत हसत सुटला आणि अक्षता त्याच्या तोंडात गेल्या. मला त्या दिवशी राग आला होता. पोरीचा नव्हे, त्या जीपच्या आवाजाचा. मग तो गेला, मी पाट उचलला, रांगोळी पुसली. तिच्या बाजूनं खरंच उलटं दिसत असेल का, हे मी त्या पाटावर बसून कधी पाहिलं नाही. तसं माझंही औक्षण व्हायचं, वाढदिवसाला. पण तेव्हा मला कुठं जायचं नसायचं.

आणि तरी मी वर गेलेली बाई आहे. हे मला अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं. पुण्याला कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, ग्लायडर उडवायचो. लांबवर विंच असायचं, त्याची केबल ग्लायडरच्या पोटाला, आणि ते ओढायला लागलं की पाठ सीटला चिकटायची आणि समोर नुसतं आभाळ. मग केबल सुटायची, खट्. त्या खट्नंतर जे शांत व्हायचं, ते मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. एकटीनं पहिल्यांदा गेले तेव्हा मागची सीट रिकामी होती आणि मी मोठ्यानं हसत होते, कारण ऐकायला कुणी नव्हतं. खाली आल्यावर पोरींनी बादलीभर पाणी ओतलं अंगावर. नंतर लग्न, बदल्या, मयुरा, नोकरी. मला कुणी अडवलं नाही. विषयच निघाला नाही, बस. ग्लायडरला प्रोपेलर नसतो. आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं क्लबात जाऊन मायक्रोलाइट हे चिमुकलं विमान उडवायला शिकलो, त्याचा प्रोपेलर मागं असतो, आपल्या पाठीशी भणभणत. म्हणजे आजवर मी जे जे उडवलं त्यात तो डोळ्यांपुढं कधी आलाच नाही. गाडीत एकटीच होते, मोठ्यानं म्हटलं, "वैजू, म्हणून चुकलीस बघ!" आणि लगेच कळलं की हे काही खरं कारण नव्हे.

खरं कारण असं की आमच्या विमानाच्या एकुलत्या एका सीटवर कोण बसणार याची चर्चाच आमच्यात झालेली नव्हती. ते ठरलेलंच होतं. पहिलं उड्डाण अनुभवी माणसानं करायचं, आणि अनुभवी कोण, तर बळवंत. त्याचे तास हजारांत. सगळे हेलिकॉप्टरचे, पण हजारांत. क्लबातला आमचा इन्स्ट्रक्टर वैतागून म्हणायचा, "मॅडम लैंड करती हैं तो चाय नहीं छलकती. सर नीचे आते-आते रुकने की सोचते हैं. सर, ये हवा में रुकेगा नहीं!" बळवंत स्वतःच हा किस्सा चारचौघांत सांगून हसतो. पण त्यानं आपल्या मापाची उशी शिवून घेतली. फौजेतल्या कोर्समेटच्या ग्रुपवर टाकलं, बैसाखीच्या सुमारास फर्स्ट फ्लाइट, सब लोग आना. प्रोपेलरसाठी स्वरूपानं पायलटचं वजन विचारलं तेव्हा मी स्वतः लिहिलं, अठ्ठ्याऐंशी. त्याचं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. आणि आता एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरच्या वेगानं जाताना मला हवं होतं. सरळ सांगायचं तर मला ते पहिलं उड्डाण हवं होतं, त्याच्या आधी, त्याच्याशिवाय, आणि इतकं हवं होतं की स्टिअरिंगवर माझे तळवे ओले झाले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एखादी वस्तू अशी पोरकटासारखी हवी वाटणं यात केवढी मजा आहे! पण ती वस्तू नवऱ्याच्या हातातून काढून घ्यायची होती, आणि तो माणूस चांगला होता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

शेडचं दार उघडं होतं, जीप नव्हती. जनरेटरवर चिठ्ठीच्या ऐवजी त्याची टोपी ठेवलेली. म्हणजे साहेब समोसे आणायला गावात गेले. विमान उभं होतं, अजून रंग न दिलेलं, पत्र्याचं, माझ्या हातच्या खुणा अंगावर वागवत. मी ओढणी काढून हुकाला लावली, पंखावर पाय देऊन चढले, आणि स्टुलावर न थांबता सरळ आत उतरले. बळवंतच्या मापाची उशी एवढी ऐसपैस की मी तिच्यात घसरत होते. उशी काढून बाहेर टाकली. बसले. पाय पुढं केले तर पेडलांपर्यंत पोचेनात. अंगठ्याची टोकं जेमतेम लागत होती. ती पेडलं मीच बसवलेली, बळवंतला खुर्चीत बसवून, त्याच्या मांडीची लांबी टेपनं मोजून. त्यांना मागं-पुढं करायला एक खीळ असते, तीही मीच घातलेली. खाली वाकले, खीळ उपसली. जरा घट्ट होती. पेडलं एक भोक मागं ओढली, पाय पोचले पण गुडघा ताठ. आणखी एक भोक मागं. आता तळवा पूर्ण टेकला. डावं पेडल दाबलं, तर मागं शेपटीकडं सुकाणू हललं. बघितलं नाही, पण कळलं. मग मान वर केली.

प्रोपेलर काळा होता. क्षणभर मला वाटलं कुणी बदलला की काय. मग आठवलं, त्याची मागची बाजू काळी रंगवायची असते, चकाकून डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. ते मीच टेबलावर ठेवून रंगवलं होतं, दोन हात दिले होते, सूचनेत लिहिलं होतं म्हणून. कुणाचे डोळे, हे मनातही आलं नव्हतं. त्या काळ्या पात्याच्या दोन्ही बाजूंनी उघड्या दारातून पट्टी दिसत होती, पिवळट, थेट सफेद्यांपर्यंत. झाडं इथून बुटकी वाटत होती. मी तशीच बसून राहिले, हात मांडीवर, पाय पेडलांवर, विंच ओढायला लागायच्या आधी बसायचे तशी.

जीप आली. बळवंत कागदाची पिशवी घेऊन आत आला, आणि स्टुलावर पडलेली उशी बघून थांबला. "माझी उशी बाहेर का गं?"

"मला मोठी होते."

त्यानं कडेवरून आत वाकून बघितलं. माझे पाय बघितले, पेडलं बघितली, रिकामी पुढची भोकं बघितली. हा माणूस तीस वर्षं मशीनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगत आलाय. त्यानं पिशवी पंखावर ठेवली. "समोसे गार होतील," म्हणाला.

"होऊ देत. बळवंत, प्रोपेलर जरा हातानं फिरव ना. इंजिन ज्या बाजूनं फिरवतं त्या बाजूनं. मला इथून बघायचंय."

तो नाकापुढं जाऊन उभा राहिला. सवयीनं त्यानं हाक दिली, "स्विच ऑफ?" मी किल्ली वर धरून दाखवली. "ऑफ." त्यानं दोन्ही हातांनी वरचं पातं धरलं आणि हळूच ढकललं. इंजिन फुसफुसलं. काळं पातं माझ्या डोळ्यांसमोर उजवीकडं कललं आणि खाली गेलं, आणि दुसरं वर आलं. घड्याळासारखं. "अजून एकदा," मी म्हणाले. "अजून." मला हसू आवरेना. त्यानंही ढकलत राहायचं थांबवलं नाही. पण तो हसत नव्हता. पात्याआडून दिसायचा, पुन्हा झाकला जायचा. शेवटी म्हणाला, "ग्रुपवर सांगितलंय मी, वैजू."

"माहितीये."

"चोप्रा जालंधरहून येतोय."

"येऊ दे ना. मला बघायला येईल."

हे मी बोलले आणि मलाच ऐकू आलं. बळवंत पात्यावर हात ठेवून उभा. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, आणि ते मीच घालवलं होतं, आणि तरी मला शब्द मागं घ्यावासा वाटला नाही. तेवढ्यात फोन वाजला. स्वरूपा. मी स्पीकर लावला आणि फोन काचेपाशी ठेवला.

"मॅडम, साचा लावायचाय. आधी एक सांगा, पातं कुठलं धरू? चढाईचं की वेगाचं? अठ्ठ्याऐंशी किलोच्या पायलटला ती पट्टी म्हणजे मला चढाईचंच द्यावं लागेल. सर रागावतील, पण इलाज नाही. वजन तेवढंच ना?"

बळवंतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"छप्पन्न," मी म्हणाले. "पायलटचं वजन छप्पन्न किलो."

शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज. "हॅलो?" स्वरूपा म्हणाली. "मॅडम, आवाज येतोय का?" मी बळवंतकडं बघत होते. काच, पातं आणि पलीकडं तो. पाटावर बसल्यावर समोरचा माणूस असा दिसतो तर. त्याला जाऊ द्यायचं असतं आणि द्यायचंही नसतं. माझ्या चेहऱ्यावर हे त्यानं किती वेळा बघितलं असेल, आणि जीपमध्ये जाऊन बसला असेल. मला त्याची फार माया आली, पण पाय मी पेडलांवरून काढले नाहीत.

"अठ्ठावन्न लिही गं," बळवंत मोठ्यानं म्हणाला. "ही नेहमी दोन किलो कमी सांगते."

"अठ्ठावन्न?" स्वरूपा खूश झाली. "अहो, मग मधलं पातं चालेल की! चढेलही बरं आणि वेगही मिळेल. नंतर सर उडवणार असतील तेव्हा पाना घेऊन पात्यांचा कोन थोडा बदलायचा, बस. ते जमिनीवर करता येतं."

"वेग मिळेल म्हणतेस?" बळवंतनं विचारलं. "बघ हां. हिला नाही, मला मिळाला पाहिजे. माझा नंबर दुसरा आहे."

"मिळेल सर. आता दिशा तेवढी राहिली."

"उलटी," बळवंत ठासून म्हणाला. आत्ताच तर त्यानं स्वतःच्या हातांनी फिरवून बघितलं होतं. "घड्याळाच्या उलट. लिहून घे."

"सर, तुम्ही कुठून बघताय?"

बळवंतनं आपल्या पायांकडं बघितलं. मग वर, काचेतून, माझ्याकडं.

"समोरून," तो म्हणाला.

"उजवा लाव, स्वरूपा," मी म्हणाले. "मी सीटवर आहे."